महाकायांच्या पायाशी

ऑक्टोबर सरता सरता दिनदर्शिकेतल्या दोन तारखा एकमेकींच्या फार जवळ येतात. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींची त्यांच्याच अंगरक्षकांनी हत्या केली. त्याआधी सुमारे तीस वर्षे, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ जपानभर प्रदर्शित झाला. मराठी कानाला हे नाव लडिवाळ वाटते, कारण आपल्याकडे गोजिरा म्हणजे गोंडस. हा गोजिरा मात्र पन्नास मीटर उंचीचा, समुद्रातून वर आलेला आणि टोकियो पायाखाली तुडवणारा. पहिल्या तारखेला आम्ही गंभीर होतो आणि दुसरीला हरखून जातो. काही स्नेह्यांना हे विसंगत वाटते, काहींना थेट असभ्य. स्मरण ही प्रौढांची गोष्ट, राक्षसपट पोरांची, तेव्हा निदान आठवडाभराचे तरी अंतर ठेवा, असे त्यांचे सांगणे.

या आक्षेपामागे सुतकाची जुनी कल्पना आहे आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९८४ च्या त्या दिवसांत आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर संथ, विलापी वाद्यसंगीताखेरीज फारसे काही वाजत नव्हते. देशाने सुतक पाळावे यात गैर काही नाही. प्रश्न पुढचा आहे. सुतक फिटल्यावर मृत नेत्याचे आपण काय करतो?

आपण त्याला मोठा करतो. आठवणीतली व्यक्ती वर्षागणिक वाढत जाते. तिचे मार्ग होतात, विमानतळ होतात, जलाशय होतात. हत्येच्या आठच दिवस आधी, २३ ऑक्टोबर १९८४ रोजी, इंदिराबाईंनी मध्य प्रदेशात पुनासा येथे नर्मदेवरच्या एका धरणाची पायाभरणी केली होती. पुढे त्या धरणालाच त्यांचे नाव मिळाले. ९२ मीटर उंचीची भिंत आणि तिच्यामागे १२ अब्ज घनमीटरांहून अधिक पाणी. साठवणक्षमतेत हा देशातला सर्वांत मोठा जलाशय. त्याच्या पोटात २००४ साली हरसूद हे अख्खे शहर गेले. स्मारक म्हणून याहून मोठे काही उभारता आले नसते, आणि त्याखाली याहून अधिक माणसे दिसेनाशी करणे इतर कोणत्या स्मारकाला जमले असते याची आम्हांस शंका आहे. जिवंत इंदिराबाई मात्र एवढ्या सरळ नव्हत्या. १९७२ साली स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत बोलणाऱ्या त्याच, १९८० चा वनसंवर्धन कायदा आणणाऱ्या त्याच, केरळातले सायलेंट व्हॅलीचे धरण थांबवणाऱ्या त्याच; आणि आणीबाणी लादणाऱ्याही त्याच. जलाशयाला असले अंतर्विरोध पेलत नाहीत. त्याला फक्त पातळी असते.

मोठे करण्याच्या या रीतीचे सर्वांत भयंकर वाक्य हत्येनंतर तीनच आठवड्यांत उच्चारले गेले. दिल्लीत शिखांची कत्तल होऊन गेली होती. अधिकृत मोजदादीनुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, आईच्या जयंतीदिनी, बोट क्लबवरच्या सभेत राजीव गांधींनी मोठा वृक्ष कोसळला की जमीन थोडी हादरतेच अशा अर्थाचे उद्गार काढले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या रूपकापाशी थांबावे. रूपक सुंदर आहे, म्हणून तर ते घातक आहे. त्यात मारणारा कोणी उरत नाही, हातातले रॉकेल उरत नाही, मतदारयाद्या घेऊन घरे शोधणारे उरत नाहीत. उरतात फक्त एक महाकाय देह आणि निसर्गनियम. हे उद्गार काढणाऱ्याची हत्या पुढे १९९१ साली श्रीपेरुंबुदूरला झाली आणि त्याचेही पुतळे झाले. त्या मृत्यूनेही आम्ही हळहळलो होतो. तरीही ते रूपक आम्ही विसरलेलो नाही आणि विसरू नये, असे आमचे मत आहे.

पुनाशाहून नर्मदेच्या प्रवाहाबरोबर खाली आले की मध्य प्रदेशाची हद्द संपते आणि काही अंतर नदीच महाराष्ट्राची सीमा होते. तिथे, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या भिंतीच्या लगेच वरच्या अंगाला असलेले हे गाव. त्या धरणाच्या पाण्याची महाराष्ट्रातली पहिली झळ त्याला लागली. (तेव्हा जिल्हा धुळे होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी.) धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी केली होती. जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ साली आला आणि पुढच्या वर्षी भारताने उरलेल्या कर्जावर पाणी सोडले. त्याच १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरे पाण्यात गेली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही जलाशयाने घेतले. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी केली, आणि त्या जाहीरनाम्याला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. सातपुड्यातले एक आदिवासी गाव वॉशिंग्टनमध्ये माहीत झाले ते असे. मराठी साहित्यात त्याला किती जागा मिळाली, हा प्रश्न आम्ही तूर्त न विचारलेला बरा.

मणिबेलीचा मुद्दा इथे आणण्याचे कारण म्हणजे स्मरणाचा हा सगळा व्यवहार तिथून पायाकडून दिसतो. भिंतीच्या पलीकडे, साडेतीन किलोमीटरांच्या आत, नदीच्या पात्रात १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा आहे. गोजिराच्या साडेतीनपटींहून उंच. त्याचे अनावरण २०१८ साली झाले तेही ३१ ऑक्टोबरलाच. तारीख पटेलांच्या जयंतीची, त्यामुळे आक्षेपाला जागा नाही; पण एकाच दिवशी एका नेत्याचा जन्म आणि दुसरीचा खून यांचे स्मरण ज्या देशाला करायचे आहे, त्याने कोणते किती मोठे करायचे याचा हिशेब कसा मांडला हे दिसायला ही जागा उत्तम. दुसरीकडे, याच नंदुरबारने इंदिराबाईंवर मनापासून माया केली. त्यांच्या सभांच्या आठवणी तिथे सांगितल्या जातात आणि त्यांच्या पक्षाला या जिल्ह्याने दशकानुदशके मते दिली. आणि धरणाला जंगलजमीन द्यायची की नाही हा प्रश्न १९८० नंतर केंद्राच्या परवानगीवाचून सुटत नव्हता, तो त्यांच्याच कायद्यामुळे. माया, कायदा आणि पाणी, तिन्ही एकाच नावाशी जोडलेली. अशा स्मरणाला पुतळ्याचा साचा कसा पुरणार?

आमच्या मते, इथे राक्षसपट कामाला येतो. ‘गोजिरा’चा जन्मच एका शोकातून झाला. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ खलाशांवर पडली. त्यांतला एक २३ सप्टेंबरला दगावला. सहा आठवड्यांच्या आत चित्रपट पडद्यावर होता. त्यात आगगाडीतली एक तरुणी नागासाकीतून आपण जगलो ते याचसाठी का, अशा अर्थाचे सहज बोलून जाते. गोजिरा शहर जाळत असताना एक आई दोन-तीन लेकरांना कवटाळून इमारतीच्या पायथ्याशी बसली आहे. आता आपण बाबांकडेच जाणार, अशी ती त्यांची समजूत घालते. बाबा बहुधा युद्धात गेलेला. आणि सकाळी, राक्षस समुद्रात परतल्यावर, कॅमेरा त्याच्या मागे जात नाही. तो रुग्णालयात जातो. तिथे एका मुलाच्या अंगाजवळ किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र धरले जाते, यंत्र कडकडते आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. मोठा वृक्ष कोसळला होता, जमीन हादरली होती. पण होंडांना जमिनीवरच्या माणसांची नोंद घ्यायची होती.

आता आस्वादाविषयी. रुग्णालयातल्या त्या दृश्यासाठीच आम्ही हा चित्रपट पाहतो असे म्हटले तर ते ढोंग होईल. हारुओ नाकाजिमा तो अवजड पोशाख अंगावर चढवून एइजी त्सुबुरायांच्या छोट्या टोकियोतून चालू लागतात, तारा तुटतात, इमारती बिस्किटांसारख्या ढासळतात, आकिरा इफुकुबेंचे संगीत पाऊल टाकते, आणि आम्ही खुर्चीच्या कडेला येतो. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रभर नरकासुराच्या भल्या थोरल्या प्रतिमा मिरवणारी मुले जे अनुभवतात तेच हे आहे. अक्राळविक्राळाचे आकर्षण माणसाला आहे. प्रश्न एवढाच की त्या आकर्षणाला कलाकृती कुठे नेते. १९६६ साली आपल्याकडे ‘गोगोला’ नावाचा समुद्रराक्षसाचा हिंदी चित्रपट निघाला, तबस्सुम आणि आझाद यांचा. राक्षस आला, गाणीही आली; अणुबॉम्बसारखे आपले दुःख मात्र त्या काळच्या आपल्या निर्मात्यांना राक्षसात दिसले नसावे. त्याच दशकात नर्मदेवर मोजमापे सुरू होती.

खरे म्हणजे आपल्याला टोकियोपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. आदिपर्वातले बकवधाचे आख्यान हा आपल्याकडचा पहिला राक्षसपट. एकचक्रानगरीचा करार ठाऊक आहेच: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते नेणारा माणूस, घरटी पाळीने. बाकीच्यांना अभय. सार्वजनिक हितासाठी एकाने जावे या तत्त्वाची इतकी स्वच्छ मांडणी कोणत्याही प्रकल्प अहवालात सापडणार नाही. व्यासांचे मोठेपण असे की ते राक्षसाच्या वर्णनात रमण्याआधी पाळी आलेल्या घरात शिरतात. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी; आणि जाता जाता बाप, रक्षण न करणाऱ्या राजाच्या राज्यात आपण राहिलो कशाला, हेही बोलून घेतो. तेवढ्यात बोबडे बोलणारा लहान मुलगा गवताची काडी उचलतो आणि याने मी त्या राक्षसाला मारीन असे सांगतो. रडणारी माणसे हसतात. पुढे भीम बकासुराचे बुक्के पाठीवर झेलत निवांत जेवत राहतो, तिथे तर हसू आवरत नाही. शोक आणि करमणूक यांत आठवड्याचे अंतर ठेवा असे व्यासांना कोणी सुचवले नव्हते. होंडांच्या चित्रपटातही ओदो बेटावरचा म्हातारा कोळी सांगतो की पूर्वी मासळी मिळेनाशी झाली की गोजिराला मुलगी बळी देत. दोन्हीकडे राक्षस जुनाच, करारही जुनाच.

आणि आपल्या शासकीय मराठीने हे सारे नकळत जपून ठेवले आहे. धरणामुळे उठलेल्या माणसाला आपण प्रकल्पग्रस्त म्हणतो. ग्रस् म्हणजे गिळणे. ग्रास आणि ग्रहणातला खग्रास त्याच धातूचे. प्रकल्पग्रस्त म्हणजे प्रकल्पाने गिळलेला. मणिबेलीसह महाराष्ट्रातल्या ३३ गावांच्या कागदोपत्री हा शब्द हजारो वेळा टंकलेला असेल, आणि टंकणाऱ्याला आपण बकासुराची गोष्ट लिहीत आहोत हे जाणवले नसेल. भाषेच्या वर्गात व्युत्पत्ती शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नसावी.

बोंग जून-हो यांच्या ‘द होस्ट’ (२००६) मध्ये नदीतून राक्षस येतो, सेऊलच्या हान नदीतून. तिथे सामूहिक श्रद्धांजलीच्या सभागृहात फोटोंची रांग मांडलेली असते आणि मुलगी गमावलेले एक कुटुंब तिच्या फोटोसमोर अक्षरशः गडाबडा लोळून रडते. छायाचित्रकार भोवती गोळा होतात, कोणी गाडी हलवायला सांगतो. दृश्य हास्यास्पद आहे आणि पोटात कालवणारेही. राष्ट्रीय शोकात एका घराचा शोक इतका बेढब, नको तिथे लोळणारा दिसला तरच तो खरा, हे बोंग यांना उमगले आहे. आमच्या पिढीने दूरदर्शनवर तीन मूर्ती भवनातली अंत्यदर्शनाची रांग पाहिली. त्याच दिवसांत त्रिलोकपुरीत काय चालले होते ते आम्हांस पुष्कळ नंतर वाचावे लागले.

तेव्हा ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी एखाद्या महाविद्यालयाने ‘गोजिरा’ दाखवावा, अशी आमची सूचना आहे. आधी इंदिराबाईंविषयी कोणी जाणकार माणसाने बोलावे, पुनासा, सायलेंट व्हॅली आणि आणीबाणी वगळू नये, आणि नोव्हेंबरचे पहिले तीन दिवस तर मुळीच नाही. मग दिवे घालवावेत. मूळ जपानी प्रत आणावी, ९६ मिनिटांची. रेमंड बर या अमेरिकन नटाला मध्ये घुसवून १९५६ साली केलेली ८० मिनिटांची आवृत्ती आणू नये. तिच्यात नागासाकीची ती तरुणी नाही.