फुगलेली बॅटरी

आमच्या चिरंजीवांना विमानांचा छंद आहे. म्हणजे उडवितात ते, आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवरून आणतो मी! परवा रात्री पाहतो तो त्यांच्या उशाशी चार्जरला लावलेली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. ओढून काढली आणि मग रागावलो.

"बाबा, लिथियम-पॉलिमर आहे. हलकी असते, एकदम जोर देते."

खरे आहे, विमानाला तीच हवी. पण तिच्या अंगावर पातळ पाकिटाखेरीज काही नाही. भोक पडले, फाजील भरली, की पेट घेण्याची भीती. शिवाय चिरंजीव विमान पार थकेपर्यंत उडविणारे. घट ३ व्होल्टखाली गेला की बिघडलाच.

तिची लोह-फॉस्फेटवाली बहीण अंगाने जड, पण स्वभावाने थंड, आणि दीर्घायुषी. मात्र ती ३.६५ व्होल्टला भरते, पॉलिमर ४.२ ला, चार्जरवर नाव चुकीचे निवडले की घोटाळा. शुद्धलेखनाचे महत्त्व चिरंजीवांना प्रथमच पटले!

यंदाच्या आकाशकंदिलात लोह-फॉस्फेटच बसविली. कंदिलाला कुठे उडायचे आहे? फुगलेली मात्र गॅलरीत वाळूच्या डब्यात आहे. ती ई-कचरावाल्याकडे जाईपर्यंत घरात चकली तळायची नाही, असे सौभाग्यवतींनी बजावले आहे.