वहिनीचा गुरुवार

आजारी माणसाला भेटायला जाताना लोक शहाळं नेतात, सफरचंदं नेतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाकडे मात्र बहुतेकजण प्रश्नपत्रिका घेऊन जातात. ‘मी कोण, सांग बरं?’ ‘माझं नाव काय?’ ‘सकाळी काय जेवलीस?’ माझी आत्या सांगलीत मराठी शाळेत शिक्षिका होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या या बाईची आता येणारा-जाणारा तोंडी परीक्षा घेतो. ती हुशारीने वेळ मारून नेते. ‘तू काय परका आहेस, तुझं नाव सांगायला?’ पाहुणे हसतात, चहा पितात, निघून जातात. कोण आलं होतं हे आत्या अर्ध्या तासात विसरते, पण आपलं काहीतरी चुकलं ही धास्ती रात्रीपर्यंत तिला सोडत नाही, असं वहिनी सांगते. वहिनी म्हणजे आत्याची सून. येरझाऱ्या सुरू होतात, ताट ढकललं जातं, आणि ते सगळं तिच्याच वाट्याला येतं.

हा वहिनीचा निव्वळ ग्रह नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं ते हेच: काय पाहिलं ते पुसलं गेलं, पण त्याने आलेली उदासी किंवा प्रसन्नता मागे राहिली. म्हणून आत्याकडे गेलो की मी आधी स्वतःचं नाव-नातं सांगतो आणि मग गप्पांना बसतो.

दिवेलागणीला आत्याला ‘घरी’ जायचं असतं. चाळीस वर्षं राहत्या घरातून घरी. माझा आतेभाऊ सुरुवातीला तिला हेच घर कसं आपलं आहे ते घरपट्टीची पावती दाखवून पटवायचा. आत्या पावती नीट वाचायची आणि पुन्हा पिशवी भरायला लागायची. वहिनी म्हणते, ‘आई, भाकरी टाकलीय, जेवून जाऊ.’ आतेभावाला हे खोटं बोलणं वाटतं. मला वाटत नाही. आत्या पत्ता विचारत नसते, तिला भीती वाटत असते. आणि भीतीवर पावतीपेक्षा भाकरी बरी.

घरातल्या बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. दाराला वर, नजरेच्या टप्प्याबाहेर कडी. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. मोरीच्या वाटेवर रात्रभर बारीक दिवा. आरशावर पडदा, कारण त्यातली म्हातारी बाई आत्याला आवडत नाही. पदराच्या आतल्या बाजूला शिवलेला फोन नंबर. एक गोष्ट मात्र जरा ठासून सांगतो. माणूस दोन दिवसांत एकदम जास्त भ्रमिष्ट झाला तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीतला जंतुसंसर्गही वयस्कर माणसाची ही गत करतो, आणि तो औषधाने बरा होतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगताहेत. त्यांतले बहुतेक घरीच असतात, म्हणजे कुणाच्या तरी बायकोच्या, सुनेच्या, लेकीच्या भरवशावर. गोव्यात तिसवाडी आणि बारदेश तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. काही घरांत सहा महिने नियमित भेटी देणारी माणसं गेली. ती डॉक्टर नव्हती. थोडं प्रशिक्षण घेतलेली, साधारण बारावी शिकलेली माणसं. त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. ती बसायची, ऐकायची, वागणं कसं सांभाळावं ते सांगायची. रुग्णांमध्ये ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. सांभाळणाऱ्यांचं मन मात्र सावरलं, रुग्णाच्या वागण्याचा होणारा मनस्ताप कमी झाला. मला या निकालाचा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. आत्याची स्मृती परत आणणं कुणाच्याच हातात नाही, वहिनीची झोप परत आणणं मात्र आहे.

आमच्या घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅप गट मात्र अजून ब्राह्मी आणि बदामावर अडलेला आहे. रोज सकाळी हात जोडलेलं चित्र येतं, खाली ‘काळजी घे गं’. वहिनी ती घेतेच आहे, तेच तर दुखणं आहे. तिने मागितले होते आठवड्यातले चार तास. गुरुवारी दुपारी मी जाऊन बसतो. आत्याला मेथी निवडायला देतो, ती निवडलेली आणि न निवडलेली पुन्हा एकत्र करते, आमचं काही बिघडत नाही. कधी शेजारच्या मुलाची जुनी वही आणि लाल पेन्सिल देतो. शुद्धलेखनाच्या चुका ती अजून अचूक पकडते आणि माझ्याकडे असं बघते की मीच वर्गाबाहेर उभा राहावं.

पहिल्या गुरुवारी वहिनी सिनेमाला गेली. यावर गटात बरीच कुजबुज झाली. बँकेत, दवाखान्यात गेली असती तर चाललं असतं, पण सिनेमा? पुण्याच्या धाकट्या आतेभावाने तर फोनच केला. वहिनीने त्याला म्हटलं, ‘भाऊजी, पुढचा गुरुवार तुमचा.’ तो येतो म्हणालाय. त्याच्यासाठी तिने फ्रिजवर कागद लावून ठेवलाय: चहा कोमट द्या. चार वाजता मोरीत न्या, जायचंय का असं विचारू नका. मोरीला आतून कडी लावू देऊ नका. सहाच्या आत दिवे लावा. मी साडेसहाला येईन, फोन बंद असेल.