तुरळक ठिकाणी

फाल्गुन लागला की सांगली-तासगाव परिसरात बेदाणा शेडवर द्राक्षे वाळत असतात, खळ्यांवर शिजवलेली हळद पसरलेली असते आणि बाजार आवारात हरभऱ्याची आवक सुरू होते. वर्षभराची पुंजी उघड्या आभाळाखाली असते ती याच पाच-सहा आठवड्यांत. बँकेत असताना मालतारण कर्जांची यादी मी जितक्या बारकाईने वाचीत असे, तितक्या बारकाईने हवामानाचा अंदाज कधी वाचला नाही. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट झाली. त्या दिवसांत एका परिचित अडत व्यापाऱ्यांनी मला विचारले, "साहेब, पेपरात 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हटलंय. शेडवर कागद ओढून घेऊ का?" मी म्हणालो, "अण्णा, तुरळक म्हणजे चार थेंब. राहू द्या." दुसऱ्या दिवशी दुपारी वादळी पाऊस आला. रॅकवरचा माल भिजला, काळा पडला. अण्णांनी मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही.

पुढे निवृत्तीनंतर समजले की 'तुरळक' हा शब्द पावसाच्या जोराविषयी नसून व्याप्तीविषयी आहे. हवामान विभागाच्या परिभाषेत एखाद्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर तो 'तुरळक ठिकाणी'; त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत 'काही ठिकाणी'. जेथे पडेल तेथे तो किती पडेल, हे या शब्दात सांगितलेलेच नसते. करारनाम्यातील व्याख्येचे कलम न वाचता सही करणाऱ्या कर्जदाराला मी जे ऐकवीत असे, ते मलाच लागू होते. रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पिवळ्याचा अर्थ 'काही होणार नाही' असा नव्हे.

अंदाजाच्या मागचे कारण पाहावेसे वाटले, म्हणून वरच्या हवेच्या नोंदी वाचावयास शिकलो. हवामान केंद्रांतून सकाळी व सायंकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी फुगा सोडला जातो. त्याला बांधलेले छोटे यंत्र वर जाताना तापमान, आर्द्रता, दाब आणि वारा यांची माहिती पाठवीत राहते. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर या नोंदी कोणालाही पाहता येतात. गोव्याच्या केंद्राचा क्रमांक ४३१९२, मुंबईचा ४३००३. सांगलीकरांना गोवा जवळचे.

आलेखात दोन रेषा असतात, एक तापमानाची आणि दुसरी दवबिंदूची. रेषा दूर असतील तर हवा कोरडी, जवळ आल्या तर दमट. फाल्गुनातील शांत दिवशी त्या बहुधा बऱ्याच दूर असतात. खालच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये त्या जवळ येऊ लागल्या आणि वरची हवा त्याच वेळी थंड होऊ लागली, की सावध व्हावे. वरच्या थंडीसाठी मी ५०० हेक्टोपास्कलची ओळ पाहतो. ही पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहा किलोमीटरवर येते. तेथील आकड्यापेक्षा कालच्या तुलनेत झालेली घसरण अधिक बोलकी असते; उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभाची द्रोणी दक्षिणेकडे खाली आली, की ती दिसते. खाली दमट व तापलेली, वर थंड अशी हवा म्हणजे भरपूर कर्ज आणि अपुरे भांडवल असलेली पेढी. कधी मधे उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो, म्हणून सकाळ निरभ्र जाते; दुपारच्या तापाने ते झाकण उडाले, की ढग तासाभरात उभे राहतात.

येथे एक दुरुस्ती मात्र करावी लागते. गोव्याचा फुगा समुद्रकाठावरून निघतो आणि सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे आलेखाचा अगदी तळाचा भाग आपला नव्हेच. तेथील सागरी ओलावा पाहून मी आरंभी दोनदा उगाच घाबरलो होतो. वरचा भाग उपयोगाचा. खालच्यासाठी आपल्या जिल्ह्याचा अंदाज आणि दर तीन तासांचा तात्कालिक इशाराच पाहावा. शिवाय गार नेमक्या कोणत्या गावात पडेल, हे फुगा सांगत नाही.

मग निर्णय कसा करावा? कागद ओढण्यास मजुरी लागते, आणि झाकलेल्या शेडमध्ये दमटपणा कोंडून वाळवण लांबते. हा खर्च खरा आहे, पण तो मोजता येतो. भिजलेल्या बेदाण्याचा भाव कितीने पडेल, हे मात्र अडत्यालाही आधी सांगता येत नाही. म्हणून पिवळा इशारा आणि आलेखातील ओलावा दोन्ही एकत्र दिसले, तर मी झाकण्याच्या बाजूने कौल देतो. इशारा एकटाच असेल तर मजूर जवळ ठेवावेत, एवढेच सांगतो.

आता अण्णांचा मुलगा शेड पाहतो आणि या दिवसांत सकाळी आठला त्याचा फोन येतो. गेल्या हंगामात माझ्या सांगण्यावरून त्याने तीनदा कागद ओढला, पाऊस एकदाच आला. उरलेल्या दोन वेळच्या मजुरीचा हिशेब मी विचारला, तेव्हा तो म्हणाला, "काका, ते वडिलांच्या खात्यावर टाकलंय."