कोळ्याचे रेशीम आणि आपली तुती

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर निपाणीकडील एका शेतकऱ्याने आम्हांला गाठले. "फादर, कोळ्याचं रेशीम देणारी अळी निघाली म्हणतात. तंबाखू मोडून तुती लावू का?"

अळी निघाली आहे हे खरे. कोळी एकमेकांना खातात, त्यामुळे ते कळपाने पाळता येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी कोळ्याचे जनुक रेशीमअळीत घातले. अळीत परके जनुक टिकवण्याची रीत 2000 साली जपानात साधली. पुढे अमेरिकेत अशा अळ्यांकडून अधिक चिवट धागा मिळाला. नायलॉन, पॉलिएस्टर खनिज तेलापासून होतात आणि मातीत वर्षानुवर्षे कुजत नाहीत, रेशीम कुजते. हा लाभ आम्हांस मान्य आहे. (कोष उकळायला जळण व पाणी किती लागते, हे मात्र स्तुती करणारे सांगत नाहीत.)

पण धागा चिवट झाल्याने आपल्या शेतकऱ्याचे काय साधते? त्याची बॅच बुडते ती ग्रासरी रोगाने. अळी सुजते, कातडी फुटून दुधासारखा द्रव गळतो आणि कोष बांधायच्या ऐन वेळी शेड रिकामी होते. हैदराबादच्या सीडीएफडी या सरकारी संस्थेत डॉ. जे. नागराजू व सहकाऱ्यांनी जनुक बदलून या रोगाच्या विषाणूला तोंड देणारी अळी तयार केली. ते संशोधन 2013 साली प्रसिद्ध झाले. आमच्या मते सरकारने पैसा लावायचा तर या अळीमागे लावावा. ती रानात पसरेल ही भीतीही फारशी नाही, कारण हजारो वर्षे पाळलेला हा पतंग उडणेच विसरला आहे.

आम्हांला धास्ती आहे ती अंडीपुंजांची. दर बॅचला ते आजही बाहेरूनच आणावे लागतात. 2002 साली बीटी कापूस आला आणि बियाण्याची दोरी कंपन्यांच्या हाती गेली. नवी अळी आली तर तिचे अंडीपुंज सरकारी केंद्रातून, परवडेल अशा दराने मिळाले पाहिजेत.

त्या शेतकऱ्याला आम्ही म्हटले, कोळ्याच्या आशेवर तुती लावू नकोस. लावायचीच तर आजच्या संकरित अळीसाठी लाव, आणि तंबाखूपासून लांब लाव. तंबाखूतील निकोटिनचा अंश तुतीच्या पानावर बसला की ते पान खाऊन अळी ओकते आणि मरते. शेजाऱ्याची तंबाखू असली तरी हेच.

त्याच्या शेताच्या तिन्ही बाजूंना भावकीची तंबाखू आहे. आधी त्यांच्याशी बोलून ये, मग रोपांचे पाहू, असे सांगून आम्ही त्याला धाडले.