आराखड्याला अधिकार आहे काय?

सरकारी खात्यांना, बँकांना आणि विद्यापीठांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या मंडळींच्या तोंडी गेली काही वर्षे ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ हा शब्दप्रयोग सातत्याने ऐकू येतो. शब्द भारदस्त आहे, अर्थ मात्र तितकासा अवघड नाही. एखादी मोठी संस्था नेमकी कोणकोणती कामे करते, त्या कामांसाठी तिला कोणती माहिती लागते, ती माहिती कोणाच्या दप्तरी असते, कोणत्या यंत्रावर ती साठवली जाते, आणि या सगळ्यांचे परस्परांशी नाते काय, याचा एकत्रित आराखडा म्हणजे हे संस्था-स्थापत्य होय. आज काय आहे, उद्या काय असावे, आणि आजपासून उद्यापर्यंत कोणत्या क्रमाने जावयाचे, असे त्याचे तीन भाग असतात. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले घर आमच्या वाचकांना अपरिचित नाही. एका भावाने पडवी वाढवली, दुसऱ्याने मागल्या दारी खोली काढली, तिसऱ्याने वर माडी चढवली. प्रत्येकाचे काम आपापल्यापुरते चोख. पहिला पाऊस पडला की मग कळते, तिन्ही छपरांचे पाणी एकाच पन्हळीत येते आणि ती पन्हळ देवघरावर गळते. संपूर्ण घराचा नकाशा कोणाकडेच नव्हता, एवढाच काय तो दोष. मोठ्या संस्थांच्या संगणकीकरणाचे नेमके हेच होत आले आहे.

नकाशा हवा, हे आता बहुतेकांना पटले आहे. त्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडले जातात, सल्लागार नेमले जातात, जाडजूड अहवाल छापले जातात. परंतु त्यापुढचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. हा आराखड्याचा उद्योग एखाद्या संस्थेत खरोखर मुरला आहे, की केवळ कपाटात जाऊन बसला आहे, हे ओळखावयाचे कसे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी जी साधने निघाली, त्यांना परिपक्वतेची मोजमापे म्हणतात. सार्वजनिक पैशाचा विनियोग त्यांवर अवलंबून राहू लागला असल्याने त्यांचा विचार केवळ तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

या मोजमापांचे कूळ दुहेरी आहे. आयबीएमच्या नियतकालिकात १९८७ साली जॉन झॅकमन यांनी माहितीप्रणालींच्या स्थापत्याची चौकट मांडणारा लेख लिहिला. संस्था-स्थापत्याच्या विचाराची सुरुवात बहुधा तेथून धरली जाते. दुसरीकडे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने, संगणकप्रणाली लिहिणाऱ्या कंपन्यांची कार्यपद्धती जोखण्यासाठी पाच पायऱ्यांची शिडी तयार केली. पहिल्या पायरीवर सारा कारभार व्यक्तींच्या कर्तबगारीवर. पाचव्या पायरीवर संस्था स्वतःच्या चुका मोजून स्वतःला सुधारत राहते. ही शिडी भारतीय कंपन्यांनी फार मनावर घेतली आणि या शतकाच्या आरंभी पाचव्या पायरीवर पोहोचलेल्यांत त्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती. पुढे हीच शिडी आराखड्याच्या उद्योगाला लावण्यात आली.

तिचा सर्वात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथे १९९६ साली क्लिंगर-कोहेन कायदा झाला आणि प्रत्येक केंद्रीय खात्याच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यावर माहिती-तंत्रज्ञानाचा आराखडा तयार करून राखण्याची जबाबदारी आली. ती पार पडते की नाही हे पाहण्यासाठी तेथील काँग्रेसच्या महालेखा कार्यालयाने २००२ मध्ये पाच पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली व २००३ मध्ये ती अधिक कडक केली. आराखड्याची जाणीव होणे ही पहिली पायरी. माणसे, पैसा व अधिकार यांचा पाया घालणे ही दुसरी. आराखडा रचणे ही तिसरी. तो पुरा करणे ही चौथी. आणि त्याच्या आधारे प्रत्यक्ष बदल घडवणे ही पाचवी. एकंदर ३१ कसोट्या. खालच्या पायरीवरील एक जरी कसोटी हुकली, तरी वरच्या कितीही साधलेल्या असोत, खाते खालीच राहणार.

२००३ साली निघालेले निष्कर्ष वाचनीय आहेत. तपासलेल्या ९६ खात्यांपैकी निदान दुसरी पायरी गाठलेली खाती अवघी २०. ज्या ९३ खात्यांची २००१ सालची माहितीही उपलब्ध होती, त्यांत २२ खाती वर चढली, २४ खाली उतरली आणि ४७ होती तेथेच राहिली. कायदा होऊन सात वर्षे लोटल्यावर चढणाऱ्यांपेक्षा उतरणारे अधिक निघावेत, यातच बरेच काही आले. परिपक्वता ही एकदा मिळवून भिंतीवर टांगण्याची सनद नव्हे. जाणता अधिकारी बदलून जातो, त्याच्या जागी येणाऱ्याला आधीच्याचा नकाशा वाचता येत नाही, आणि दोन वर्षांत खाते पुन्हा मुळाक्षरे गिरवू लागते. वरिष्ठांना या कामाचे पुरेसे आकलन नसणे आणि जाणकार माणसांची टंचाई, या दोन अडचणी खात्यांनीच नोंदवल्या होत्या.

आराखड्याच्या अभावाची किंमत किती असू शकते, हे त्याच सुमारास तेथील केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, दाखवून दिले. तपासाच्या कागदी संचिका संपवून सर्व प्रकरणे संगणकावर हाताळण्याची ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाची प्रणाली तिने करावयास घेतली होती. सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यांनंतर घाई वाढली, आणि घाईत मागण्या रोज बदलू लागल्या. सप्टेंबर २००३ मध्ये महालेखा कार्यालयाने स्पष्ट शब्दांत बजावले की या संस्थेपाशी आराखडा नाहीच, तो करण्यासाठी लागणारा पायाही नाही. २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनेही हेच दुखणे दाखवले. २००५ साली ती प्रणाली सोडून देण्यात आली, तेव्हा तिच्या पायी सुमारे १७ कोटी डॉलर गेले होते. तिच्या जागी आलेली ‘सेंटिनेल’ पूर्णत्वाने चालू होण्यास २०१२ साल उजाडले. हाताशी हुशार प्रणालीकार नव्हते किंवा पैसा नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. तपास कसा चालतो, कोणत्या कागदावर कोणाची सही लागते आणि ती का लागते, हे संस्थेने स्वतःशीच निश्चित केले नव्हते. जे माणसांना ठरवता आले नाही ते यंत्र ठरवून देईल, अशी ती भाबडी आशा होती.

मग आराखडा केला म्हणजे झाले, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर त्याच देशाच्या संरक्षण खात्याने दिले आहे. आपल्या आर्थिक व प्रशासकीय कारभाराचा आराखडा तयार करण्यात त्या खात्याने जवळजवळ चार वर्षे आणि सुमारे ३२ कोटी डॉलर खर्च केले. आणि २००५ साली महालेखा कार्यालयाने निर्णय दिला तो असा, की खात्यापाशी परिणामकारक आराखडा अद्यापि नाही आणि जे तयार झाले आहे त्याचा उपयोग मर्यादित आहे. एका संस्थेपाशी नकाशा नव्हता म्हणून ती बुडाली, दुसरीने नकाशांचे ढीग उभे केले तरी वाट सापडली नाही. या दोन उदाहरणांच्या मधोमध परिपक्वतेचा खरा प्रश्न उभा आहे.

आमचा आक्षेप आहे तो येथेच. पायऱ्यांच्या या मोजपट्टीत कागद मोजणे सोपे असते. समिती नेमली आहे काय? आहे. धोरण लेखी आहे काय? आहे. आजची स्थिती आणि उद्याची स्थिती यांची चित्रे काढली आहेत काय? काढली आहेत, आणि ती रंगीतही आहेत. त्यातून माहिती बहुतांशी खात्यांनीच भरून पाठवलेल्या प्रश्नावलीतून गोळा व्हावयाची. विद्यार्थ्याने स्वतःच उत्तरपत्रिका तपासावी असा हा प्रकार. महालेखा कार्यालयालाही मोजपट्टी अपुरी वाटली असावी. २०१० मध्ये तिने नवे रूप घेतले आणि पायऱ्या सात झाल्या, कसोट्या ५९. कसोट्या वाढल्याने कागद वाढतात हे आम्ही जाणतो. शहाणपण वाढते की नाही हे सांगणे कठीण.

एक भेदही येथे ध्यानात घ्यावयास हवा. आराखडा करणाऱ्या कक्षाची परिपक्वता वेगळी आणि संस्थेच्या प्रत्यक्ष घडणीची परिपक्वता वेगळी. जीन रॉस, पीटर वाइल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात दुसऱ्या प्रकारच्या चार अवस्था वर्णिल्या आहेत. प्रथम प्रत्येक विभागाचे वेगळे बेट. मग सर्वांची यंत्रे एकसारखी. मग मूळ माहिती व मूळ कार्यपद्धती सामाईक. आणि अखेरीस हवे तसे जोडता-सोडवता येणारे भाग. अवस्था गाळून उडी मारता येत नाही, असे त्यांचे सांगणे. एखाद्या खात्याचा कक्ष चौथ्या पायरीचे प्रमाणपत्र मिरवीत असेल आणि खाते स्वतः बेटांच्याच अवस्थेत असेल, तर कोणाचा शब्द खरा मानावयाचा?

आमच्या मते एकच प्रश्न या सर्व कसोट्यांपेक्षा अधिक बोलका आहे. गेल्या वर्षभरात आराखड्याने कोणाला ‘नाही’ म्हटले काय? एखाद्या वजनदार अधिकाऱ्याने वा मंत्र्याने मागितलेली नवी प्रणाली, ती आराखड्यात बसत नाही म्हणून, अडवली गेली काय? आणि अडवली गेली नसेल, तर अपवाद करण्याचे कारण कोणी लिहून, खाली सही करून ठेवले काय? ज्या आराखड्याने एकही निविदा थांबवली नाही, एकही जुनी प्रणाली बंद पाडली नाही, तो आराखडा कितव्याही पायरीवर असो, त्याचे वजन भिंतीवरच्या दिनदर्शिकेपेक्षा अधिक नाही. अधिकार अंदाजपत्रकापाशी असतो. आराखडा तेथवर पोहोचला आहे की नाही, एवढे पाहिले तरी बरेचसे निदान होते.

हा प्रश्न परदेशाचा राहिलेला नाही. आंध्र प्रदेशाने गेल्या दशकात ‘ई-प्रगती’ या नावाने संपूर्ण राज्याचाच असा आराखडा हाती घेतला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली ‘इंडईए’ ही चौकट प्रसिद्ध केली. तीत कामगिरी, कारभार, माहिती, सुरक्षा, नियंत्रण वगैरे आठ अंगांचे नमुने दिले आहेत. सरकार हे एकसंध असावे, नागरिकाला खात्यांच्या भिंती दिसू नयेत, हे तिचे उद्दिष्ट. उद्दिष्टाशी आमचे भांडण नाही.

गोमंतकाला त्याची गरज किती आहे, हे जमिनीच्या दप्तरांकडे पाहिले की कळते. एकाच तुकड्याचे विक्रीखत उपनिबंधकाकडे नोंदवले जाते, फेरफार मामलेदाराकडे होतो, नकाशा भू-सर्वेक्षण खात्याचा, जमिनीचा वापर नगर नियोजन खात्याच्या आराखड्यात, घरपट्टी पंचायतीकडे. पोर्तुगीज काळातील जुनी खते पुराभिलेख खात्यात आणि कोमुनिदादीची दप्तरे आणखी निराळी. यांतील प्रत्येक खात्याचे संगणकीकरण ‘झाले’ असे अभिमानाने सांगता येईल. तीन छपरांच्या घरासारखे. या दप्तरांच्या सांध्यांत काय शिरू शकते ते २०२२ साली सर्वांनी पाहिले. जुनी कागदपत्रे बनावट करून परदेशस्थ वा वारस नसलेल्या मालकांच्या जमिनी हडपल्याची प्रकरणे उघडकीस आली, विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. गुन्हा माणसांनी केला, यंत्रांनी नव्हे. परंतु मालकी कोणाची याबाबत कोणत्या दप्तराचा शब्द अखेरचा, आणि एका दप्तरातील बदल दुसऱ्याला कधी कळावा, हे आधी ठरलेले असते तर अशा माणसांचे काम इतके सुकर झाले नसते. माहितीचा धनी कोण हे ठरवणे हाच संस्था-स्थापत्याचा गाभा आहे. आणि ते ठरवण्यासाठी संगणक लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठक लागते.

उद्या राज्याच्या कारभाराची अशी परिपक्वता मोजण्यासाठी कोणी सल्लागार पणजीत आला, तर त्याने सचिवालयातील सादरीकरणापासून सुरुवात करू नये. प्रत्येक तालुक्यातून एक-चौदाचे दहा उतारे चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि त्या जमिनींचा माग मामलेदार कचेरी, उपनिबंधक, भू-सर्वेक्षण, नगर नियोजन आणि पंचायत असा पायी काढावा. किती ठिकाणी नाव जुळते, किती ठिकाणी क्षेत्रफळ जुळते, आणि न जुळल्यास दुरुस्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला ठाऊक आहे काय, एवढेच लिहून काढावे. या कामास दोन हुशार कारकून आणि महिनाभराचा अवधी पुरे. निष्कर्ष मात्र खात्यांकडे परत न पाठवता, अंदाजपत्रकापूर्वी विधानसभेच्या पटलावर ठेवावेत.