लस कोणाची, रोग कोणाचा?

आष्टी तालुक्यातील कड्यासारख्या अवर्षणग्रस्त गावात कोंबडी ही घरातील स्त्रीची अडीअडचणीची पुंजी असते. जोडपे ऊसतोडणीला गेले की मागे राहिलेली म्हातारी अंडी विकून मीठमिरची आणते. तिला मानमोडी ठाऊक आहे. ती बघता बघता खुराडे रिकामे करते, म्हणून तिच्या लसीची निदान मागणी तरी होते. मॅरेक्स मात्र निनावी येतो. ऐन अंड्यावर येणारी तलंग एक पाय पुढे, एक मागे पसरून पडते, झुरते आणि मरते.

योझेफ मरेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ साली या रोगाचे वर्णन केले. तो हर्पिस कुळातील विषाणूमुळे होतो हे १९६७ साली उलगडले आणि १९७० च्या सुमारास लसही निघाली. कर्करोगाच्या गाठी रोखणारी ही पहिली यशस्वी लस मानली जाते. परंतु ती गाठी रोखते, संसर्ग नव्हे. लस घेतलेला पक्षी धडधाकट राहून पिसांच्या कोंड्यातून विषाणू सोडत राहतो. धुळीत तो महिनोन्महिने टिकतो. यजमानाला झटपट मारून स्वतःही संपले असते असे जहाल वाण लसीच्या आश्रयाने तगतात व पसरतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले.

अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते: नफा कुंपणाच्या आत, खर्च बाहेर. म्हणून लसीकरण थांबवा, असे कोणी म्हणू नये. तो शुद्ध वेडेपणा ठरेल. प्रश्न लस न मिळालेल्यांचा आहे. कंपनीच्या उबवणी केंद्रात पिल्लाला पहिल्याच दिवशी लस टोचतात. कुपीत बहुधा हजार मात्रा असतात आणि ती कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. खुडुक कोंबडीखाली दहा अंडी ठेवणारीने ही कुपी घ्यावी कशी? बाजाराला दहाचा हिशेब कळतच नाही.

येथे शासनाने उतरले पाहिजे. योजनेतून वाटलेल्या प्रत्येक पिल्लाच्या लसीची नोंद लाभार्थी स्त्रीच्या हाती द्यावी. मोठ्या शेडमधील तूस नीट कुजवल्याविना खत म्हणून गावात येऊ देऊ नये. बचत गटांना सामाईक उबवणी यंत्र द्यावे, म्हणजे गावची पिल्ले एकाच दिवशी निघतील आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला एक कुपी फोडणे परवडेल. उरलेल्या मात्रा वाया गेल्या तरी तो खर्च जिल्हा परिषदेने सोसावा. आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढ्या तीन मागण्या लेखी द्याव्यात.