बेट दिसले की उतरायचेच का?

परीक्षा संपत आल्या की दिलसुखनगरच्या खोल्याखोल्यांतून एकच चर्चा सुरू होते : यंदा कुठे जायचे? आमच्या भागात राहणाऱ्यांना त्याचे कारण सांगायला नको. एका खोलीत तीन खाटा, खिडकी उघडली की समोरच्या वसतिगृहाची भिंत, खाली शिकवणी-वर्गांच्या पाट्या, रात्री उशिरापर्यंत बसगाड्यांचे भोंगे, आणि २०१८ पासून डोक्यावरून जाणारी मेट्रो. अशा ठिकाणी वर्ष काढलेल्या मुलाला मोकळे पाणी दिसले की त्याचे भान हरपले तर नवल नाही. त्यातून नावेत बसायला मिळाले आणि समोर एखादे बेट दिसले, की मग विचारूच नका. नाव टेकण्याआधी चौघे उड्या मारून मोकळे!

या उडीबद्दलच मला चार शब्द लिहायचे आहेत. नावेने जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. जरूर जा, दरवर्षी जा. पण जे बेट पक्ष्यांचे आहे त्यावर पाय ठेवू नका, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते आपल्या सहलींच्या नियमांत लिहिले जावे असे मला वाटते.

बेटाबेटांत फरक असतो. दिलसुखनगरहून नागार्जुनसागरची बस धरावी. इब्राहिमपट्टण, माल, मल्लेपल्ली करीत ती धरणाशी पोहोचते आणि तेथून लाँचने नागार्जुनकोंडा. आपल्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलेले पहिले बेट हेच असेल. पण कोंडा मुळात बेट नव्हताच. कृष्णेच्या खोऱ्यातली ती एक टेकडी. तिच्या पायथ्याशी इक्ष्वाकू राजांची विजयपुरी, तिसऱ्या-चौथ्या शतकातली : स्तूप, विहार, नदीला दगडी घाट. वासिष्ठीपुत्र चांतमूल राजाची बहीण चांतिसिरी हिने महाचैत्य उभारल्याचे तेथले शिलालेख सांगतात. पुढे धरणाचा बेत झाला. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, आणि पुरातत्त्व खात्याने १९५४ ते १९६० या काळात बुडणारे खोरे उकरून जे वाचवता येईल ते वाचवले. काही वास्तू टेकडीच्या माथ्यावर नेऊन पुन्हा रचल्या, काही काठावर अनुपूला. १९६७ साली इंदिरा गांधींच्या हस्ते कालव्यांना पाणी सुटले. खोरे गेले, माथा राहिला. त्या माथ्याला आपण बेट म्हणतो.

या बेटावर अवश्य उतरावे. माझी हरकत आहे ती उतरून संग्रहालयात न जाता धक्क्यावरच फोटो काढून परतणाऱ्यांबद्दल. पण तो वेगळा विषय.

शिवाय या पाण्याशी आपले नाते सहलीपुरते नाही. २००४ पासून सागरचे पाणी हैदराबादच्या नळांना येऊ लागले. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा वाई, सांगली, नरसोबाची वाडी करीत कर्नाटकात शिरते, अलमट्टीला अडते, भीमेला पोटात घेते, श्रीशैलमच्या वर तुंगभद्रेला भेटते, सागरला पुन्हा अडते आणि शेवटी शहराच्या बादलीत येऊन पडते. या अंकाचे मराठी आणि कन्नड हे दोन्ही विभाग एका अर्थी त्याच बादलीतले!

आता दुसऱ्या जातीच्या बेटांकडे वळतो. ती कोंड्यासारखी बारमाही नसतात. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरले की मधूनच मातीचे, मुरमाचे उंचवटे उघडे पडतात. झाड नाही, सावली नाही, माणसाला बसायलाही जागा नाही. अशीच जागा नदी सुरय या पक्ष्याला अंडी घालायला हवी असते. चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे कुत्री-कोल्ही पोहोचत नाहीत, आणि उघडे रान असल्यामुळे शत्रू लांबून दिसतो. घरटे म्हणजे मातीत केलेला नुसता खळगा. त्यात दोन-तीन अंडी, मातीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. मार्च ते मे हा त्यांचा मुख्य हंगाम, म्हणजे नेमका आपल्या सुट्टीचा.

कृष्णेच्याच वरच्या अंगाला, भीमेवर, उजनीचे धरण आहे, १९८० सालचे. त्याच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ ही गावे. तेथले मच्छीमार आपल्या नावांतून लोकांना पक्षी दाखवतात. एका एप्रिलमध्ये आम्ही पाच जण तिकडे गेलो होतो : एक नांदेडचा, एक बिदरचा, एक नलगोंड्याचा, एक त्याच भागातला इंदापूरचा आणि मी. पहाटेच निघालो. रोहित पक्ष्यांचा एक थवा अजून मागे राहिला होता. चित्रबलाक, पाणकावळे, शेकाट्या, सगळे यथासांग झाले. ऊन चढू लागले तेव्हा पुढे एक बोडका उंचवटा दिसला आणि त्याच्यावर पांढऱ्या-करड्या पाखरांची गर्दी. हळदीसारखी पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. नावाड्याने बऱ्याच अंतरावर वल्हे थांबवले.

"हितनंच बघा, भाऊ. पुढं अंडी हायती."

नांदेडकर उठून उभाच राहिला. "पैसे पूर्ण देतोत की, मामा! पाच मिनिटं उतरून येतोत."

"पैशाचं न्हाय वो. आपुन गेलो की पाखरं उठत्यात. मग उन्हात अंडी उकडत्यात."

नावेत वाद पेटला. बिदरच्या मित्राचे म्हणणे, एवढ्या लांबून आलो, आमच्या पाच जणांनी काय होणार? नलगोंडेकर म्हणाला, पाच रोज येतात. इंदापूरकर गप्प, कारण आम्हाला आणणारा तोच. तेवढ्यात पलीकडून दुसरी एक नाव आली आणि सरळ उंचवट्याला लागली. चार-पाच माणसे उतरली. सगळा थवा कलकलाट करीत वर उठला आणि त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला. त्या मंडळींना ते फार आवडले असावे. त्यांनी हात वर करून छायाचित्रे काढली. मी घड्याळाकडे पाहत होतो. बारा मिनिटे ती तिथे होती. त्या वेळात काठाकडून कावळे आले, आणि त्यांना कोणी बोलावलेले नव्हते.

ही बारा मिनिटे क्षुल्लक का नाहीत, हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी कळायला हवे. कोंबडी अंड्यावर बसते ती ऊब देण्यासाठी. भर उन्हात उघड्या मातीवरच्या पाखराला उलटे काम करावे लागते : अंड्यावर सावली धरून ती गार ठेवायची. सुरय आणि टिटव्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी निववतात. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या मुरमावर ते अंडे मोकळे पडले तर आतला जीव किती वेळ तग धरणार? पिल्ले निघालेली असली तर आणखी कठीण. धोका दिसला की ती जमिनीला चिकटून निश्चल पडून राहतात. मातीच्या रंगाचे ते पिल्लू आपल्या बुटाखाली आले तरी आपल्याला समजत नाही. म्हणजे "आम्ही कशालाही हात लावला नाही" असे शपथेवर सांगणारा माणूससुद्धा घरटी मोडून आलेला असू शकतो. नदी सुरय एके काळी सर्रास दिसणारा पक्षी. आज तो जगाच्या यादीत संकटग्रस्तांत मोजला जातो. धरणाचे पाणी अवेळी चढले तरी त्याची अंडी बुडतात. ते तुमच्या-माझ्या हातात नाही. उतरणे हातात आहे.

रोहित पक्ष्यांचे दुखणे निराळे. उडताना त्यांच्या पंखांचा गुलाबी-काळा रंग उघडा पडतो, म्हणून थव्यावर नाव घालून त्यांना उठवण्याचा प्रकार चालतो. मान खाली घालून, चिखलपाणी चोचीने गाळून ते पोट भरतात. दर अर्ध्या तासाने कोणी ताटावरून उठवले तर आपण काय करू? आमच्या खाणावळीत एकदा भात दहा मिनिटे उशिरा आला तर केवढा गदारोळ झाला होता!

न उतरता पाहण्यात काय मजा, असा प्रश्न आमच्या नावेतही निघाला. त्याचे उत्तर कन्नड विभागातील मित्र माझ्यापेक्षा चांगले देतील. श्रीरंगपट्टणजवळ कावेरीत रंगनतिट्टू आहे. सतराव्या शतकातल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ती लहान लहान बेटे. सलीम अलींनी तेथले पक्षी पाहून म्हैसूरच्या महाराजांना गळ घातली आणि १९४० साली ते अभयारण्य झाले. तेथे नाव बेटांच्या कडेकडेने जाते. झाडावरचे चित्रबलाक, चमचे, खडकावर पसरलेल्या मगरी, सगळे हाकेच्या अंतरावर दिसते. बेटावर मात्र कोणी उतरत नाही. इतक्या वर्षांत कुणाची मजा कमी झाल्याचे ऐकिवात नाही. पक्षी माणसाला सरावले आहेत ते याचमुळे, की नावेतला माणूस नावेतच राहतो. तसेच भद्रा जलाशयाचे. उन्हाळ्यात तेथल्या बेटांवर नदी सुरय मोठ्या संख्येने वीण करतात, आणि ते पाण्यावरूनच पाहायचे असतात.

नावेतच नव्हे, आपल्या जागेवरच राहावे, याला आणखी एक कारण आहे आणि ते पक्ष्यांचे नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात तेक्कडीच्या सरोवरात 'जलकन्यका' ही दुमजली बोट उलटली आणि ४५ माणसे गेली. काठावरची जनावरे पाहायला बरेच जण एका बाजूला सरकले, असे तेव्हा सांगण्यात आले. बोटीच्या तोलाबद्दलही प्रश्न निघाले. ते काहीही असो, जनावर दिसताच सगळ्यांनी एकदम उठणे हा आपल्याही सहलींतला रोजचाच देखावा आहे. अशी बातमी आली की महाविद्यालये वर्षभर जलप्रवासाची परवानगीच बंद करतात. त्याने साधते काय? मुले परवानगी न घेता जातात, जाकिटाशिवाय जातात, आणि बरोबर सांगणारे कोणी नसते. बंदीपेक्षा शिस्त अवघड असते, म्हणून बंदी घातली जाते, असा माझा तरी समज आहे.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पुढच्या सहलीचा कागद निघेल तेव्हा बसभाडे आणि जेवणाच्या डब्याबरोबर त्यात एवढे घाला : नावेत जाकीट घालणार नाही त्याला काठावर ठेवावे. एका नावेत थोडी माणसे. यंत्राच्या बोटीऐवजी वल्ह्याची मिळत असेल तर तीच. ध्वनिवर्धक नको. आणि पक्षी बसलेल्या बेटाला नाव लावायची नाही, हे नावाड्याला भाडे ठरवतानाच सांगायचे.

हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण दोष नावाड्याच्या माथी मारणे फार सोपे आहे. त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. उतरवले तर वर चार पैसे मिळतात, नाही म्हटले तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. आमचे मामा नाही म्हणाले ते स्वतःच्या पदरचे घालून म्हणाले. त्यांना अंड्यांचे सगळे ठाऊक होते. पुस्तकातून नव्हे, जाळे टाकता टाकता. मारुती चितमपल्ली यांनी पाखरांची कितीतरी नावे आणि सवयी अशाच रानातल्या आणि पाण्यावरच्या माणसांकडून मिळवल्या. आपण पदवी घेऊन नावेत बसतो आणि ज्याला माहीत आहे त्यालाच "पाच मिनिटं" म्हणून गळ घालतो. ते उलटे व्हायला हवे. न उतरवण्याचे पैसे द्या. आम्ही त्या दिवशी ठरल्यापेक्षा थोडे अधिक दिले. नांदेडकराने खळखळ केली, पण दिले.

आणि ही सक्ती काही बारमाही नाही. पावसाळा लागून धरणे भरू लागली की ती बोडकी बेटे पाण्याखाली जातात आणि सुरय उडून गेलेले असतात. उड्याच मारायच्या असतील त्यांनी दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत थांबावे, सागरची बस धरावी आणि कोंड्यावर उतरावे. तेथे चांतिसिरीचे शिलालेख आहेत. ते बुटांच्या आवाजाने उडत नाहीत.